मिरीतला चौथा हिस्सा

१

बुधवारी सकाळी पावणेआठ वाजता मिरीच्या ठाणात तिचा मोतद्दार मेलेला सापडला. अकरा वर्षं घोड्यांची निगा राखणारा, सहा फुटी, आडव्या हाडाचा माणूस. डाव्या कानाच्या वर लाथ बसल्याची खूण होती. मिरी ही शर्यतीची काळी घोडी. ठाणात दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे मारलं कुणी, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

शुक्रवारी रेसकोर्सच्या कमिटीचं पत्र निघालं. माणूस मारलेली घोडी ठेवता येणार नाही. येत्या बुधवारी तिला इंजेक्शन द्यायचं. कुणाची हरकत असेल तर त्याआधी पशुवैद्याचं लेखी मत आणावं.

शनिवारी दुपारी धाकटा भाऊ बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला.

बहीण पशुवैद्य. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात घालवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. लोक तिला डॉक्टरबाई म्हणत, धाकटा ताई म्हणे. धाकटा म्हणायचं एवढंच, त्यालाही चौपन्न पूर्ण झाली होती. लोकांनी घड्याळं दुरुस्त करून घेणं सोडलं तरी त्याने घड्याळांचं दुकान सोडलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी बायको गेली, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून रोज पहाटे मैदानाच्या कठड्याशी जाऊन घोड्यांची धाव बघायची त्याने सवय लावून घेतली. आधी सगळे घोडे बघायचा. मग एकच बघायला लागला.

दोन महिन्यांपूर्वी तो जेवायला आला असताना म्हणाला होता, "ताई, मिरीतला चौथा हिस्सा विकायला निघालाय. घेऊ का?" त्याच्याकडे तेवढे पैसे नव्हते, म्हणजे तो मदत मागत होता. डॉक्टरबाईंना ते कळलं होतं. वाढता वाढता त्या म्हणाल्या होत्या, "चौथ्या हिश्श्यात तुला काय मिळणार? एक पाय?" धाकटाही हसला होता. विषय तिथेच संपला.

आज तो बसायलाही तयार नव्हता.

"ते मत तू लिही, ताई."

"मी घोडी पाहिलेली नाही."

"मग बघ ना. मिरी मारणारी नाही गं. तो खाली पडला होता, तर तिने त्याच्या खांद्याला नाक लावलं. जागची हलली नाही. आपला पाय पडेल त्याच्यावर, म्हणून."

"तुला कधी कळलं हे सगळं?"

"बुधवारीच. दहा वाजता. दुकानात फोन आला."

केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारे त्याचे हात. आज पाण्याचा पेला त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

"घोडी वाचली तर हिस्सा घ्यायचाय का अजून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ती वाचू दे आधी," तो म्हणाला. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

२

रविवारी सकाळी डॉक्टरबाई तबेल्यावर गेल्या. एका ओळीत नऊ ठाणं, टोकाची दोन बाकीच्यांपासून जरा लांब. त्यातलं एक मिरीचं. शेजारचं रिकामं होतं. ट्रेनर स्वतः सामोरा आला. त्याचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"मंगळवारी दुपारी पडलो. एक संकट पुरत नाही म्हणतात ना, तसं झालंय."

"मोतद्दार तुम्हालाच सापडला?"

"मलाच. बाकीची माणसं घोडे घेऊन मैदानावर होती. हिला खोकला म्हणून ठेवली होती, आणि शेजारच्या तांबड्या घोड्याचा सौदा ठरत होता म्हणून त्याला ठेवला होता. मी दार उघडलं तर ही नुसती थयथयाट करत होती. एका हाताने कशीबशी बाहेर काढली, बांधली, मग फोन केला."

"तो पडलेला असताना हिला बघणारं दुसरं कुणी?"

"कुणी नाही. मी एकटाच."

डॉक्टरबाई आत शिरल्या. मिरीने मान वळवली, त्यांचा हात हुंगला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तिच्या पायाखाली लाकडाचा भुसा पसरलेला होता. तांबड्याच्या ठाणात गवत अंथरलेलं दिसत होतं.

"हिला भुसा का?"

"गवताच्या धुळीने खोकला वाढतो. मोतद्दाराने सहा महिन्यांपूर्वीच बदललं. गवताची काडीसुद्धा आत येऊ द्यायचा नाही."

डॉक्टरबाई वाकल्या आणि त्यांनी मागचा पाय मागितला. घोडीने तो मुकाट्याने दिला. खुराला नाल नव्हता, खिळ्यांची भोकं तेवढी दिसत होती. दुसऱ्या मागच्या पायालाही तेच. पुढचे नाल मात्र जागच्या जागी होते.

"मागचे नाल कुठे?"

"गुरुवारी काढून टाकले. म्हटलं, आणखी कुणाला मारायला नको."

"आणि तांबडा?"

"गेला काल. सौदा झाला."

ट्रेनर चांगला बोलका माणूस होता. जाताना त्याने दारापर्यंत सोबत केली. "डॉक्टरबाई, तुमच्या भावाचा जीव आहे हिच्यावर, मला कळतं. पण खोटी आशा लावू नका त्याला. कमिटी ऐकायची नाही."

त्याच्या आवाजात खरी कणव होती. तीच डॉक्टरबाईंना खटकली.

३

नालबंदाची भट्टी रस्त्याच्या पलीकडे होती. म्हातारा हातोडी बाजूला न ठेवताच बोलला.

"गुरुवारी? कोण म्हणतं? मिरीचे मागचे नाल मी मंगळवारी संध्याकाळी काढले. मोतद्दाराने बोलावलं होतं, खुराला चीर गेली होती. म्हटलं, चार दिवस मोकळं ठेवू."

"ट्रेनरसाहेबांना माहीत होतं?"

"ते तेव्हा इस्पितळात हात बांधून घेत होते. मोतद्दार म्हणाला, सकाळी सांगतो. त्या सकाळीच तर तो गेला."

डॉक्टरबाई भट्टीजवळच्या फळीवर बसल्या. मंगळवारी संध्याकाळीच नाल निघाले असतील, तर बुधवारी मिरीचे मागचे खूर उघडे होते.

"मग गुरुवारी तुम्ही तिकडे गेलाच नाहीत?"

"गेलो की. तांबड्याचे मागचे नाल बदलायला. सहा दिवसांचे नाल होते, बाई. माझ्या हातचे. त्यांना काय धाड भरली होती? पण मालक सांगतो ते नोकराने करावं. वर जुने नाल साहेबांनी मागून घेतले. चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात, जुना नाल आजवर कुणी मागितला नव्हता."

"हे कुणाला सांगितलंत?"

"विचारलं कुणी?" म्हातारा म्हणाला आणि लोखंड पुन्हा आगीत घातलं.

४

मोतद्दाराची बायको लॉण्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. दोन खोल्यांच्या घरात तिची मुलगी भिंतीशी पुस्तक उघडून बसली होती, पान उलटत नव्हती. बाईने आधी डॉक्टरबाईंना ओळखलं नाही. घोडीसाठी आल्याचं कळल्यावर तिचा चेहरा मिटला.

"घोडीसाठी सगळे येतात."

"मी घोडीसाठीच आले होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता तेवढ्यासाठी नाही."

बाई आत गेली. मग आतून एक पिशवी घेऊन आली. इस्पितळातून मिळालेले कपडे होते, धुतलेले नव्हते. तिने स्वेटर उलगडला. पाठीला लोकरीत गवताच्या काड्या रुतल्या होत्या, दोन-चार नाही, पाठभर.

"मी पोलिसांना दाखवलं. ते म्हणाले, बाई, घोड्याच्या तबेल्यात गवत नाही तर काय असणार?"

मग तिने जाकीट काढलं. अंगातलं नव्हे; थंडी वाजली तर घालायला म्हणून तो खुंटीला अडकवून ठेवायचा ते. त्यावर रक्ताचे चार डाग होते, एका आकाराचे, चार जागी.

"हे कपड्याचं काम माझं रोजचं," बाई म्हणाली. तिने जाकिटाची बाही आत घेतली, आडवी घडी घातली, मग उभी. चारही डाग एकावर एक बसले. "कुणीतरी घडी करून त्यांच्या डोक्याखाली ठेवलं होतं. रक्त वरून खालपर्यंत गेलंय, चारही पदरांतून."

डॉक्टरबाईंनी डागावर बोट ठेवलं. मेलेल्या माणसाचं रक्त असं वाहत राहत नाही. आणि मेलेल्या माणसाला कुणी उशी देत नाही.

"तुम्हाला कळलंय ना?" बाईने विचारलं.

"हो."

"मलाही. पण मी इस्त्रीवाली. माझं कोण ऐकतं?"

५

इस्पितळातला तरुण डॉक्टर घाईत होता, पण प्रश्न ऐकल्यावर थांबला. जखमेत नालाची कमान उमटली होती, खिळ्यांचे खड्डेही होते. हे त्याने कागदावर लिहिलं होतं. वाचलं कुणी नव्हतं. माणूस लगेच गेला नव्हता. डोक्याच्या आत रक्त हळूहळू साचत गेलं होतं. दीड तास, कदाचित दोन.

"वेळेवर आणला असता तर?"

"मी खात्रीने सांगू शकत नाही." त्याने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून हातात घेतला. "पण असे रुग्ण वाचतात, डॉक्टर. मी वाचलेले पाहिलेत."

आता एकच माणूस भेटायचा राहिला होता. मिरीचे मालक दोनच: ट्रेनर आणि एक दंतवैद्य. चौथा हिस्सा विकायला काढला होता तो दंतवैद्याने. घोडीचा विमा आहे आणि ती मेली तर दोघांचाही फायदा, हे डॉक्टरबाईंना ठाऊक होतं. दंतवैद्य त्याच्या दवाखान्यातच भेटला, समोर एका रुग्णाचा जबडा उघडा ठेवून.

"मी मंगळवारी बायकोच्या माहेरी होतो. बुधवारी साडेनऊला परत आलो. ट्रेनरने सांगितलं, मी दहाला तुमच्या भावाला फोन केला. एवढाच माझा संबंध." मग थोडा ओशाळून म्हणाला, "खरं सांगू? मी ठाणात कधी पाऊल टाकलेलं नाही. मला घोड्यांची भीती वाटते. लोकांना वाटावं आपला घोडा आहे, म्हणून घेतला."

"माझ्या भावाला फोनवर काय सांगितलंत?"

"मिरीने मोतद्दाराला मारलं, एवढंच. मला तरी दुसरं काय माहीत होतं?"

"घोडी तेव्हा कशी होती, वगैरे?"

"ट्रेनर म्हणाला पिसाळली होती. तेच सांगितलं."

उघड्या जबड्याचा रुग्ण आढ्याकडे बघत पडला होता. डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि उत्तर तेच आलं.

"बरं वाटत नाही का?" दंतवैद्याने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

६

बसस्टॉपवर तीन बसगाड्या आल्या आणि गेल्या. त्या बसून राहिल्या.

घोडीचा हिशेब सरळ होता. जखमेवर नालाचा ठसा आणि मिरीचे मागचे खूर उघडे, म्हणजे लाथ मिरीची नव्हे. पाठीला गवत आणि मिरीच्या ठाणात भुसा, म्हणजे तो पडला दुसरीकडे. शेजारी गवत होतं, नाल होते, आणि ते नाल दुसऱ्या दिवशी घाईने उतरवून लपवले गेले. तांबड्याच्या नावावर खून लागला असता तर सौदा मोडला असता. मिरीचं वय झालं होतं आणि तिचा विमा होता.

पण उजवा हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला सहा फुटी देह एका ठाणातून दुसऱ्यात नेता येत नाही. ओढत नेला असता तर पाठभर भुसा लागला असता आणि गवत निघून गेलं असतं. उचलून नेला होता. दोघांनी.

नालबंद यात असता तर त्याने नालांची गोष्टच सांगितली नसती. दंतवैद्य गावात नव्हता. बाकीची माणसं मैदानावर होती. राहिला तो माणूस, ज्याने मोतद्दाराला भुशात पडलेलं आणि मिरीला त्याच्याजवळ उभी असलेली डोळ्यांनी पाहिलं होतं. ट्रेनर म्हणत होता घोडी पिसाळली होती. साऱ्या गावाला तेच ठाऊक होतं. ती शांत उभी राहिली, तिने खांद्याला नाक लावलं, हे फक्त एका माणसाने सांगितलं होतं. आपल्या घरात, आपल्या हातचा पाण्याचा पेला धरून.

चौथी बस आली तेव्हा डॉक्टरबाई उठल्या.

७

धाकटा डोळ्याला भिंग लावून एका जुन्या घड्याळावर वाकला होता. बहिणीला बघून त्याने भिंग काढलं. त्या काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "दार लोटून घे, ताई."

त्यांनी दार लोटलं.

"लिहिलंस का मत?"

"लिहिते. त्यात तुझं नाव येईल."

त्याने मान हलवली. वाट बघत असलेली गाडी आल्यावर माणूस हलवतो, तशी.

"साडेपाचला गेलो होतो. धाव नव्हती तिची, म्हटलं ठाणात बघून येऊ. तर मोतद्दार तांबड्याच्या पायाशी पडलेला, आणि ट्रेनर शेजारी उभा. मी म्हटलं, श्वास चालू आहे. तो म्हणाला, फोन करतो, पण आधी ह्याला मिरीकडे ठेवू. तांबड्याचं नाव आलं तर सगळे बुडू. मिरीला फार तर ताकीद मिळेल, पहिलीच वेळ आहे. दहा मिनिटांचं काम." त्याने भिंग टेबलावर ठेवलं. "मग म्हणाला, चौथा हिस्सा तुझा. तसाच. काही देऊ नकोस."

"आणि तू उचललास."

"पायांकडून. त्याच्या एका हाताला जोर नव्हता, बराचसा भार माझ्याकडेच आला. जाकीट खुंटीला होतं, ते मीच डोक्याखाली ठेवलं. मग मिरीला बाहेर काढून बांधली. ट्रेनर म्हणाला, तू जा, मी फोन करतो."

"त्याने पावणेआठला केला."

"ते मला नंतर कळलं."

"तिथून दुकानात यायला तुला वीस मिनिटं लागतात. मध्ये तीन दवाखाने आहेत. तुझ्या खिशात फोन होता."

"होता."

"मग?"

धाकट्याने टेबलावरची चाकं एका डबीत भरली. एक एक, आकाराप्रमाणे.

"मी विचार केला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. मी रस्त्याने मिरीचाच विचार करत होतो. आता ती माझी, असा. चार वर्षांत पहिल्यांदा मला सकाळ बरी वाटली, ताई."

डॉक्टरबाईंना आपलं ते वाक्य आठवलं, एका पायाचं. त्या दिवशी हो म्हटलं असतं तर, हा विचार त्यांनी पुरा होऊ दिला नाही. तो पुरा झाला असता तर भावाचा दोष थोडा कमी झाला असता, आणि तो कमी करायचा हक्क त्यांना नव्हता.

"माझ्याकडे का आलास? दुसरा पशुवैद्य मिळाला असता."

"दुसऱ्याने घोडी गरीब आहे एवढंच लिहिलं असतं. तेवढ्याने कमिटीने ऐकलं नसतं." त्याने डबीचं झाकण लावलं. "तू शेवटपर्यंत जाशील हे मला माहीत होतं. मला स्वतःहून बोलता येत नव्हतं."

डॉक्टरबाईंनी त्याच टेबलावर कागद ओढला आणि लिहायला घेतलं. एका शब्दावर पेन अडलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. धाकटा दुकानातली घड्याळं एकेक करून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवत होता, प्रत्येकावर मालकाचं नाव लिहून.

८

मत मंगळवारी कमिटीकडे पोचलं. इंजेक्शन रद्द झालं. धाकटा स्वतः पोलिसांकडे गेला. ट्रेनर म्हणाला, हा माणूस घोडीपायी वेडा झालाय, याच्या बोलण्यावर काय जाता? पण नालबंदाने जबानी दिली, इस्त्रीवाल्या बाईने जाकीट दिलं, आणि ट्रेनरच्या गाडीत दोन नाल सापडले. दोघंही जामिनावर सुटले. खटला उभा राहायला वर्ष लागेल, असं वकील म्हणाले. तांबडा परक्या मैदानावर पहिलीच शर्यत जिंकला.

मिरीला कुणी सांभाळायला तयार होईना. नवा माणूस ठाणात शिरला की ती दाराकडे बघायची, आणि तो आपला मोतद्दार नाही हे कळलं की दाण्याला तोंड लावायची नाही. दंतवैद्याने डॉक्टरबाईंना निरोप पाठवला, हिस्सा चौथाच काय, अख्खा घ्या, आता कुणी विचारत नाही. डॉक्टरबाईंनी तो निरोप धाकट्याला सांगितला.

"नको," तो म्हणाला. "मला ती दिसायला नको."

मग त्याने एकच गोष्ट मागितली. त्याला मोतद्दाराच्या घरी जायचं होतं. वकिलाने मनाई केली होती.

दोघं दुपारी गेली. बाई कामावरून नुकतीच आली होती, हातांना वाफेचा वास होता. तिने बसा म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. मुलगी आतल्या खोलीत निघून गेली.

धाकटा उंबऱ्यापाशीच उभा राहिला. आपण काय केलं ते त्याने सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. जबानीत सांगितलं होतं त्याच क्रमाने. बाईने मध्ये एकदाही अडवलं नाही.

शेवटी तिने विचारलं, "शुद्धीवर होते का?"

"थोडे. मध्ये मध्ये."

"काही बोलले?"

"म्हणाला..." त्याने पुन्हा सुरुवात केली. "म्हणाला, मिरीला पाणी दाखवायचं राहिलंय."

डॉक्टरबाईंनी हे ऐकलं नव्हतं. ते त्याने दुकानातही सांगितलं नव्हतं, पोलिसांनाही नाही.

बाईने खाली बघितलं. "मग? दिलंत तिला पाणी?"

"हो. बाहेर बांधली तेव्हा. बादली भरून दिली."

"आणि त्यांना?"

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची साखळी चढवत होतं, त्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. बाई उत्तरासाठी थांबली. तिला घाई नव्हती. डॉक्टरबाईंनी भावाच्या कोपराला धरलं, पण तो हलला नाही, आणि बाईनेही त्याच्यावरची नजर काढली नाही.